टिटवीच्या अंगावर कुणाकुणाचं नाव

९ मार्च

हीटर चालू होता तरी आज गॅरेजमध्ये बोटं वाकत नव्हती. ऑग्डेनला अजून बर्फ आहे. पण आमच्या वेगाच्या गाडीचं काम अडलंय ते थंडीमुळं नाही, पैशामुळं अडलंय. टायर घ्यायचेत, फायर सूट घ्यायचाय, गाडी थांबवायला पॅराशूट घ्यायचंय, आणि माझ्या आणि पार्टनरच्या खात्यात मिळून जे आहे त्यात ह्यातलं एकच काहीतरी येईल.

जानेवारीपासून स्पॉन्सर व्हा म्हणून पत्र जोडून ३१ ईमेल पाठवले. उत्तरं आली चार आणि चारही नकाराची. आज ते पत्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दोन पानं आहेत, त्यात इंजिनचं कॉम्प्रेशन आहे, गियर रेशो आहे, फ्रेमच्या पाइपची जाडी पण आहे, आणि गाडी कुठंच नाही. फोटो कसला लावणार, पाइपची फ्रेम आणि त्यावर अर्धे ठोकलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, एवढंच तर आहे. काल टायरच्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं पत्र वाचलं, मागं काही आहे का म्हणून उलटून बघितलं आणि विचारलं, "दिसते कशी?" साधा प्रश्न होता, आणि मला सांगता आलं नाही. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात.

आमची गाडी म्हणजे लेकस्टर. अंग सुरीसारखं निमुळतं आणि चारी चाकं बाहेर उघडी. १९४६ साली बिल बर्क नावाच्या माणसानं लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावतात ती जादा पेट्रोलची टाकी घेऊन त्यात इंजिन आणि माणूस बसवला, तिथून हा प्रकार सुरू झाला. आमच्याकडं टाकी नाही, पत्रे आम्हीच ठोकलेत, आणि इंजिन दोन लिटरचं होंडाचं, ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. ऑगस्टमध्ये बॉनव्हिलच्या स्पीड वीकला, म्हणजे वेगाच्या रेकॉर्डसाठी गाड्या पळवतात त्या आठवड्याला, न्यायचं ठरलंय. साल्ट लेक सिटीहून आय-८० हायवेनं पश्चिमेला पावणेदोनशे किलोमीटर गेलं की ते मिठाचं मैदान लागतं.

आता हे सगळं एखाद्या दुकानदाराला सांगायला गेलं की त्याचा पहिला प्रश्न असतो बक्षीस किती. काही नाही. रेकॉर्ड झालं तर पुस्तकात नाव, आणि तेही दोनदा पळून दोन्हीची सरासरी जुन्या आकड्याच्या वर गेली तर. शिवाय २०१४, २०१५ आणि २०२२ ला मैदान ओलं नाहीतर खराब म्हणून स्पीड वीकच रद्द झाला होता. हे मी पत्रात लिहिलंय आणि काढणार नाही. पैसे घेतल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

२३ मार्च

गेले दोन आठवडे पत्रे बाजूला ठेवून चित्र काढत बसलोय. पार्टनरचं म्हणणं, आधी गाडी पुरी करू मग रंगाचं बघू. माझं म्हणणं उलटं. चित्र झाल्याशिवाय कुणी हात पुढं करणार नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हाला सुद्धा ती अजून दिसलेली नाही.

नाव मात्र माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होतं. टिटवी. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठानं, माळावर, कुठंही दिसायची, उडण्यापेक्षा पळणारी, लांब पिवळ्या पायांवर. आणि आजी म्हणायची टिटवी देखील समुद्र आटविते. बॉनव्हिल म्हणजे हिमयुगातलं एक प्रचंड तळं आटून राहिलेलं मीठ. पार्टनरला म्हण समजावून सांगितली, अंड्यांसाठी समुद्राशी भांडायला उभी राहिलेली पक्षीण, तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग दुसरं नाव शोधायचं कशाला?"

रंग पण तिचेच घेतलेत. पाठ कांस्यासारखी तपकिरी, बाजू काळ्या, नाकावर तिच्या डोळ्यापुढं असतो तसा लाल डाग, आणि चाकांच्या चकत्या पिवळ्या, म्हणजे पाय. पार्टनरला सगळी गाडी पॉलिश केलेल्या उघड्या पत्र्याची हवी होती, वजन पण वाचतं आणि खर्च पण. मी त्याला थंडरबोल्टची गोष्ट सांगितली. १९३८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज आयस्टन ती अजस्र गाडी घेऊन ह्याच मैदानावर पळाला, गाडी चकचकीत अॅल्युमिनियमची, खाली पांढरंशुभ्र मीठ, वर ऊन, आणि वेळ मोजणाऱ्या फोटोसेलच्या यंत्राला गाडी दिसलीच नाही. एवढं पळून आकडाच नाही! मग त्यांनी बाजू काळी रंगवली, त्यात पिवळा गोल काढला, आणि तीनच दिवसांनी ताशी ३४५ मैलांचं रेकॉर्ड लागलं. आता यंत्रं सुधारली असतील पण लांबून नंबर आणि क्लासची, म्हणजे गाडीच्या गटाची, अक्षरं वाचता यायला पाहिजेतच, म्हणून काळ्यावर पिवळा नंबर. ह्यावर तो मानला.

मग अक्षर. कॉम्प्युटरवर पंधरा फॉन्ट लावून बघितले, सगळे लग्नपत्रिकेचे नाहीतर सरकारी पाटीचे. शेवटी दादाला कोल्हापूरला फोन केला आणि त्यानं आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांना गाठलं. उद्यमनगरात आमच्या वडिलांच्या लेथच्या वर्कशॉपची पाटी त्यांचीच, ट्रकच्या फाळक्यांवरची, मंडळाच्या कमानीवरची अक्षरं त्यांचीच. फ्लेक्स आल्यापासून काम गेलं, आता वय पण झालंय. व्हिडिओ कॉलवर त्यांनी चित्र बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडीचं तोंड कुठल्या अंगाला हाय?"

मी म्हणलं काका दोन्ही अंगाला, डावीकडनं बघितलं तर डावीकडं आणि उजवीकडनं बघितलं तर उजवीकडं.

"मग एक अक्षर दोन्हीकडं चालणार न्हाई बाळ. वारा एका बाजूनं येतोय आन् अक्षर दुसऱ्या बाजूला पडतंय, आसं दिसंल. दोन करून देतो."

हे मला दोन आठवड्यांत सुचलं नव्हतं. डाव्या अंगाला वाचायला सुरुवात नाकाकडनं होते, उजव्या अंगाला शेपटीकडनं. टिटवी शब्दाला एका टोकाला पहिली वेलांटी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. काकांनी फोनसमोरच कागदावर काढून दाखवलं, डाव्या अंगाला दुसरी वेलांटी मागं ओढायची लांब, उजव्या अंगाला पहिली. दोन्हीकडं वेलांटी शेपटीकडं वाहत जाते, जणू वाऱ्यानंच ओढली. देवनागरीत आहे म्हणूनच हे जमतंय. पैसे किती विचारलं तर म्हणाले गाडी पळाली की फोन कर, त्याच्या आधी नको. दादाला सांगून ठेवलंय, काही झालं तरी त्यांच्या घरी पैसे पोचले पाहिजेत.

१३ एप्रिल

चित्र लावलेलं एक पानी पत्र घेऊन ह्या वेळी मी ईमेल न करता दुकानं हिंडलो. पैसे मागितले नाहीत, प्रत्येकाकडं त्याची वस्तू मागितली. हे मी समर्स बंधूंकडून शिकलो. बॉब आणि बिल समर्स, त्यांची १९६५ ची गोल्डनरॉड नावाची गाडी, ताशी ४०९ मैल. क्रायस्लरनं त्यांना चार इंजिनं उसनी दिली होती, फायरस्टोननं टायर. दुकानदाराला चेक लिहायला जड जातं, शेल्फवरचा माल द्यायला तेवढं जात नाही. पावडर कोटिंगवाल्यानं फ्रेम फुकट कोट करून देतो म्हणून सांगितलं, फक्त त्याचं काम चालू असताना मध्ये घुसवायला मिळाली पाहिजे. टायरवाल्यानं, हो तोच, चित्र काउंटरच्या काचेखाली ठेवून घेतलं आणि चार टायर खरेदीच्या भावात. शेजारचे आजोबा रेल्वेत वेल्डर होते, त्यांनी देणगी म्हणून रोज संध्याकाळचे दोन तास लिहून दिले, आणि ते लिहिलेला कागद फ्रिजला लावलाय.

आणि आपली माणसं. इथल्या मराठी लोकांच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं मिळाली होती. लहानपणी गणपतीच्या वर्गणीला दारोदार हिंडलोय, पावती पुस्तक काखेत, ११ रुपये देणाऱ्याला पण पावती आणि ५०१ देणाऱ्याला पण, आणि कमानीवर सोनाराची जाहिरात. तीच पद्धत इथं लावली. पावती पुस्तकच छापून घेतलं. पाच डॉलर दिले तरी नाव शेपटीच्या पंखावर. ब्रिटनच्या ब्लडहाउंड गाडीच्या शेपटीवर अशीच ३६ हजारांवर सामान्य लोकांची नावं होती, कंपनी बुडायला आली, गाडी विकली गेली, पण नावं घेऊन ती २०१९ ला दक्षिण आफ्रिकेत ताशी ६२८ मैल पळाली. आमच्या पंखावर आज ६३ नावं झालीत.

डबे करून देणाऱ्या एक काकू आहेत, नवरा गेल्यापासून एकट्या. त्यांनी ५१ डॉलरचं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "नाव बिव काही नको रे. आत कोण बसणारेय?" मी म्हणलं मी. त्यांनी वरचा एक डॉलर पुन्हा बोटानं नीट केला आणि म्हणाल्या, "जेवून बस." त्यांचं नाव टाकणार नाही, शब्द दिलाय. पण कॉकपिटच्या कडेला, जिथं पाय टाकून मी आत उतरणार तिथं, आतल्या बाजूला 'काकूंचा डबा' एवढं लिहिणार आहे. बाहेरून कुणाला दिसणार नाही.

४ मे

भांडण झालं. पार्टनरशी, दोन वर्षांत पहिल्यांदा.

एका मोठ्या कंपनीचा फोन आला होता. पॅराशूट, सूट, प्रवेश फी, सगळं निघेल एवढे पैसे. अट एकच, दोन्ही बाजूंना त्यांचं नाव नाकापासून शेपटीपर्यंत आणि गाडीला पण त्यांच्या मालाचंच नाव. टिटवी काढायची. पार्टनर हो म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यानं घराच्या डागडुजीसाठी ठेवलेले ११ हजार डॉलर ह्यात घातलेत, छत अजून गळतंय, आणि बायकोला ऑगस्टनंतरची तारीख सांगितलीय. मी फक्त म्हणत राहिलो की ६३ लोकांनी टिटवीला पैसे दिलेत.

रात्री झोप नाही आली. डोक्यात १९६४ चा ऑक्टोबर. अॅक्रन गावात फायरस्टोन आणि गुडइयर दोघांची मुख्यालयं, आणि तिथलेच दोन सावत्र भाऊ, आर्ट आणि वॉल्ट आर्फन्स, एकाच्या मागं फायरस्टोन, दुसऱ्याच्या मागं गुडइयर. २ तारखेला वॉल्टची गाडी ताशी ४१३ मैल, ५ तारखेला आर्टची ४३४, मग १३ आणि १५ ला क्रेग ब्रीडलव्ह नावाचा तिसराच, २७ ला परत आर्ट ५३६. एका महिन्यात पाच वेळा जमिनीवरच्या वेगाचं रेकॉर्ड बदललं, आणि टायर कंपन्यांचा पैसा नसता तर ह्यातलं फार काही झालं नसतं, हे मला मान्य आहे. वॉल्टच्या गाडीचं नाव होतं विंगफूट एक्सप्रेस, विंगफूट म्हणजे गुडइयरच्या बोधचिन्हातलं पंखवालं पाऊल. आर्टच्या गाडीचं नाव ग्रीन मॉन्स्टर, कारण त्याच्या पहिल्या गाडीला ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग फासला होता. दोन्ही पळाल्या. मीठ नाव विचारत नाही. पण मला ट्रॅक्टरच्या रंगाची गाडी माझी वाटते आणि दुसरी वाटत नाही, आणि मला दुसरं कारण देता येत नाही.

सकाळी पार्टनरलाच सांगितलं की तू ठरव, तुझे पैसे जास्त आहेत. तो गॅरेजमध्ये एकटाच अर्धा तास होता. बाहेर येऊन त्यानं कंपनीला फोन लावला, एका बाजूचा मागचा भाग देतो म्हणाला, नाव बदलणार नाही म्हणाला. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. पॅराशूट आता जुनं घेतोय, तपासून, नवीन पट्ट्या लावून. सूटसाठी मी शनिवारचं काम धरलंय.

१ जून

मावसभाऊ कंपनीच्या कामानं सॅन होजेला आला होता, त्यानं पेंटरकाकांची नळी कुरियर केली. आत बटर पेपरवर दोन टिटव्या, प्रत्येक चार फूट, रेघेवर रेघ सुईनं टोचलेली. हजारो भोकं. कोपऱ्यात पेन्सिलीनं बाण आणि 'वारा' असं लिहिलंय, दोन्ही कागदांवर, म्हणजे चूक व्हायला नको.

स्पॉन्सरची स्टिकरं काल लावून झाली. विनाइल लावताना पुढचा तुकडा मागच्यावर चढवायचा, कौलांसारखं, उलटं झालं तर वारा कडेखाली शिरतो आणि मीठ मागोमाग. कडा सील केल्या. पावडर कोटिंगवाला आणि टायरवाला मागच्या चाकापुढं, शेजारच्या आजोबांचं नाव इंजिनच्या झाकणावर.

नाव मात्र ब्रशनंच. आज रात्री कागद चिकटवला, जुन्या सुती मोज्यात खडूची पूड भरून पुरचुंडी केली आणि भोकांवर आपटत गेलो. पार्टनर दुसरं टोक धरून उभा होता, त्याला अक्षर कळत नाही, दोनदा विचारलं वरची बाजू कुठली. शिरोरेषा दाखवली, म्हणलं ही वर. कागद सोलला तर काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठिपक्यांची टिटवी, वेलांटी पार मागच्या चाकापर्यंत गेलेली. त्यानं दिवा बंद करून टॉर्चचा उजेड बाजूनं टाकला आणि आम्ही बराच वेळ बघत राहिलो. पिवळा रंग उद्या. आज दार हळूच लावलं, खडू उडू नये म्हणून.