अप्पा, क्लॅरनेट आणि पांढरी सहा

अप्पांना एकदा तरी खरा ऑर्केस्ट्रा ऐकवायचा हे माझ्या डोक्यात कधीपासून होतं. आमचे अप्पा कोल्हापुरात तीसेक वर्षं लग्नाच्या बँडमधे क्लॅरनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, मे महिन्याचं ऊन आणि चालत चालत वाजवायचं, रात्री घरी आले की ओठ सुजलेले असायचे आणि आई तूप लावून द्यायची. आपल्याकडं सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, कुठली ऐकायला मिळणार, म्हणून मुंबईत एनसीपीएच्या थिएटरात बीथोव्हेनची सहावी सिम्फनी आहे कळल्यावर मी सरळ दोन तिकिटं काढली आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्वेशन केलं.

अप्पा गाण्यातले अडाणी नाहीत हां. देवल क्लबला, म्हणजे कोल्हापूरच्या गाण्याच्या संस्थेत, बैठक असली की मागं जाऊन बसणार, जागा आवडली की मोठ्यानं "वा!" म्हणणार. म्हणून मी आधीच सांगून ठेवलेलं, तिथं मधे दाद द्यायची नाही, एक भाग संपला तरी टाळ्या नाहीत, सगळं संपल्यावरच. ते म्हणाले, "मग वाजवणाऱ्याला कळणार कसं गं पोरी?" मला उत्तर देता आलं नाही.

सुरू व्हायच्या आधी ओबोवाल्यानं (ओबो म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एक सूर लावला आणि सगळ्यांनी त्याला आपापली वाद्यं मिळवली. अप्पा माझ्या कानात म्हणाले, "पांढरी सहा." म्हणजे हार्मोनियमवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. बरोब्बर होतं. मग पुढं सिम्फनी पांढरी चारमधे सुरू झाली तेही त्यांनी हाताची चार बोटं दाखवून सांगितलं.

पण खरी गोष्ट दुसऱ्या भागातली. हा भाग म्हणजे ओढ्याकाठचा देखावा, सूर काळी पाच, म्हणजे आमच्या क्लॅरनेटचा घरचाच सूर. शेवटी शेवटी बाकी सगळे थांबतात आणि फक्त पक्षी बोलतात, बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा पक्षी आणि दोन क्लॅरनेटांवर कक्कू. कक्कू म्हणजे दोनच सूर, ग सा, ग सा. १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेले दोन सूर आणि आज भरलेलं थिएटर श्वास धरून तेवढे ऐकत होतं, कुणी खोकलंसुद्धा नाही. मी अप्पांकडं बघितलं तर त्यांची बोटं मांडीवर क्लॅरनेटच्या भोकांवर ठेवल्यासारखी हलत होती आणि डोळ्यातून पाणी. "वा" त्यांनी म्हटलं नाही, नुसता माझा हात दाबला.

नंतर वादळ आलं. सगळ्या सिम्फनीत टिंपनी, म्हणजे मोठा नगारा, फक्त त्या वादळातच वाजतो, आणि अप्पा एवढे दचकले की पुढच्या बाईंनी वळून बघितलं. शेवटी कंडक्टरनं एकेका वादकाला उभं केलं, क्लॅरनेटवाले दोघे उठले तेव्हा अप्पाही उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले.

परतताना गाडीत बराच वेळ गप्पच होते. पुण्याच्या आसपास कधीतरी म्हणाले, "आमचं वाजवणं बसून कुणी ऐकलंच नाही गं. म्हंजे नाचायचे लोक, खूश व्हायचे, पैसे उधळायचे. पण बसून कुणी नाही." तक्रारीचा सूर नव्हता त्यात, आणि म्हणूनच मला ते फार लागलं. मी पण कधी बसून ऐकलं नव्हतं. वरातीत मैत्रिणींनी ओळखू नये म्हणून मी दुसऱ्या फुटपाथनं चालायचे.

सकाळी घरी पोचलो, चहासुद्धा व्हायच्या आधी त्यांनी जुन्या ट्रंपेटवाल्या मित्राला फोन लावला. सिम्फनी, बीथोव्हेन, एनसीपीए यातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, "अरं ऐक, क्लॅरनेटवाल्यांना उभं केलं रं, सगळ्यांच्या म्होरं. आणि लोक टाळ्या वाजवत हुती."

मग मी क्लॅरनेटची पेटी काढून त्यांच्यापुढं ठेवली आणि समोर मांडी घालून बसले.