तुम्ही विचारलंत म्हणून: टिप थंडच राहते नाहीतर लाल होते, सुरुवात कुठून करू?

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो, की सोल्डरिंग स्टेशनचा कंट्रोलर बोर्ड घरी बनवला, डिस्प्ले लागतो, बटणं चालतात, पण टिप एकतर गरमच होत नाही नाहीतर तापायची थांबतच नाही, तर कोडमध्ये काय बदलू? सोबत बहुतेक वेळा पूर्ण कोड चिकटवलेला असतो आणि पीआयडीचे (हीटरला किती पॉवर द्यायची ते ठरवणारं कोडमधलं गणित) तीन आकडे बदलून बदलून माणूस वैतागलेला असतो.

तर कोड सध्या राहू द्या आणि हीटरची वायर काढून ठेवा. खरंच काढा, नुसतं सेटिंग शून्य करून भागणार नाही. गरम करणं हे या बोर्डातलं सोपं काम आहे, २४ व्होल्ट आणि एक मॉस्फेट (हीटर चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), झालं. अवघड काम आहे ते मोजण्याचं. के टाइप थर्मोकपल (तापमानानुसार व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे टिप ३५० डिग्रीला असताना सगळा मिळून सिग्नल जेमतेम १३-१४ मिलिव्होल्टचा. एवढ्याशा सिग्नलमध्ये गडबड झाली की कंट्रोलर चुकीच्या आकड्यावर इमानेइतबारे काम करत राहतो, आणि तुम्ही पीआयडीला दोष देत बसता.

आधी हँडल तपासा, थंड असताना, मल्टीमीटर ओहमवर ठेवून. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ५० ओहमच्या आसपास आलं तर आत थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) आहे, एक-दोन ओहम आलं तर थर्मोकपल. ९०७ या नेहमीच्या मॉडेलसारखी दिसणारी हँडल्स दोन्ही प्रकारची मिळतात, बाहेरून अगदी सारखी, आणि थर्मोकपलसाठी बनवलेल्या बोर्डाला थर्मिस्टरवालं हँडल लावलं की कितीही कोड बदला, आकडा बरोबर येणार नाही. थर्मोकपल असेल तर प्लस-मायनस पण बघून घ्या. ते उलटं जोडलं गेलं तर टिप तापते तसा डिस्प्लेवरचा आकडा खाली जातो, कंट्रोलरला वाटतं अजून थंडच आहे, तो अजून पॉवर देतो, आणि टिप लाल होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता बोर्ड. हँडल काढा आणि सेन्सरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने शॉर्ट करा. डिस्प्लेवर खोलीचं तापमान यायला पाहिजे, कारण थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतं आणि खोलीचं तापमान कोडने वरून मिळवायचं असतं. पण इथे बरोबर आलं म्हणून लगेच खूश होऊ नका, ऑपअँपचा (सेन्सरचा सिग्नल मोठा करणारी चिप) ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाची त्याची स्वतःची चूक, उलट्या बाजूला असेल तर आउटपुट शून्यालाच चिकटून राहतं आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून दुसरी टेस्ट, माझी सगळ्यात आवडती: दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याला १५ के आणि १०० ओहम असे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, १०० ओहमच्या दोन टोकांवर १० मिलिव्होल्टच्या आसपास मिळतात. ते सेन्सरच्या जागी द्या. खोली २५ डिग्रीची असेल तर डिस्प्लेवर साधारण २७० दिसायला हवं. दिसलं, तर मोजणारी बाजू ठीक आहे आणि पुढे जा. नाही दिसलं, तर ऑपअँपच्या आउटपुटला मीटर लावा, गेन (ऑपअँप सिग्नल किती पट करतो) २५० असेल तर तिथे अडीच व्होल्ट हवेत, आणि आता तुम्हाला कळेल की चूक ऑपअँपच्या अलीकडे आहे की पलीकडे. टिप एकदाही गरम न करता! मला ही पद्धत मनापासून पटते कारण यात अंदाजाला जागाच राहत नाही.

ऑपअँपबद्दल जरा जास्त बोलतो कारण निम्मे प्रश्न इथेच संपतात. एलएम३५८ सगळीकडे मिळतो म्हणून सगळे तोच लावतात, पण त्याचा ऑफसेट दोन-तीन मिलिव्होल्ट सहज असतो, आणि २ मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ ५० डिग्रीचा फरक. ते एक वेळ कोडमध्ये वजा करता येईल. त्याहून वाईट गोष्ट अशी की ५ व्होल्टच्या सप्लायवर त्याचं आउटपुट ५ पर्यंत जातच नाही, साडेतीनच्या आसपास अडकतं. आता गेन २५० आहे आणि तुम्ही ४०० डिग्री सेट केलं, तर तिथे पोचायला आउटपुट ३.८५ व्होल्ट व्हायला हवं, ते कधीच होत नाही, डिस्प्ले ३६०-३७० ला थबकतो आणि हीटर फुल चालू राहतो. ३०० ला एकदम मस्त चालणारं स्टेशन ४०० ला टिप जाळतं ते यामुळे, आणि कोडमध्ये शोधून हे सापडणार नाही. गेन कमी करा, किंवा कमी ऑफसेटचा रेल टू रेल (आउटपुट जवळजवळ सप्लायएवढं जाऊ शकतं असा) ऑपअँप लावा, मी तरी दुसराच उपाय सांगेन.

इनपुटवर संरक्षणासाठी डायोड लावलेत का ते पण बघा. शॉटकी डायोड गरम झाला की मायक्रोअँपियरमध्ये लीक होतो, आणि १० के च्या रेझिस्टरमधून एक मायक्रोअँपियर गेला की झाले १० मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास तुमचा सगळा सिग्नल! तिथे साधा १एन४१४८ बरा. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सचा चिकट थर पण असाच लीक होतो, त्यामुळे मोजणारा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने नीट धुऊन वाळवा, कित्येकदा आकडा तेवढ्यानेच स्थिर होतो.

मॅक्स६६७५ (थर्मोकपल थेट वाचून तापमान देणारी चिप) वापरत असाल तर ऑपअँपची कटकट नाही, पण त्याला एक रीडिंग तयार करायला पाव सेकंदाच्या जवळपास लागतो आणि तुम्ही त्याआधीच परत परत विचारत राहिलात तर तो दर वेळी अर्ध्यावर सोडून नव्याने सुरू करतो, आकडा एका जागी गोठतो. रीडिंग अडकलंय म्हणून चिप बदलण्याआधी कोडमधला वेळ बघा (हो, इथे मात्र कोड बघायचा).

ग्राउंडचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हीटरचे ३ अँपियर ज्या ट्रॅकमधून जातात त्याच ट्रॅकवर ऑपअँपचं ग्राउंड असेल तर १० मिलिओहमच्या तुकड्यावर ३० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे सिग्नलच्या दुप्पट. ओळखायची खूण सोपी, हीटर चालू झाला की आकडा उडी मारतो आणि बंद झाला की लगेच जागेवर येतो. टिपचं खरं तापमान असं उड्या मारू शकत नाही. हीटरचं ग्राउंड वेगळ्या जाड वायरने थेट सप्लायला न्या आणि मोजायचं ते हीटर बंद असतानाच मोजा. टी१२ टिपला तर दुसरा इलाजच नाही, तिथे हीटर आणि थर्मोकपल एकाच जोडीवर सिरीजमध्ये असतात, आणि हीटर बंद केल्यावर ऑपअँपला सावरायला काही मिलिसेकंद द्यावे लागतात. घाई केली तर आकडा खोटा जास्त येतो आणि टिप थंड राहते.

एवढं झालं की मग पॉवरची बाजू, आणि तिथेही लगेच हीटर लावू नका, २४ व्होल्टचा गाडीचा बल्ब लावा. बोर्ड चालू करताच किंवा कोड अपलोड होताना बल्ब लागला तर मॉस्फेटच्या गेटला खाली खेचणारा १० के चा रेझिस्टर नाहीये किंवा त्याचा जॉइंट ड्राय (सोल्डर नीट न चिकटलेला) आहे. बल्ब विझतच नसेल तर मॉस्फेट शॉर्ट आहे. आणि आयआरएफझेड४४एन ला मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टवर चालवत असाल तर तो अर्धवटच उघडतो आणि स्वतःच तापतो, तिथे आयआरएलझेड४४एन हवा. ७८०५ ला (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) थेट २४ व्होल्ट दिले असतील तर त्याला बोट न लावता बघा, १०० मिलिअँपियरला पण तो जवळजवळ २ वॅट उष्णता टाकतो, हीटसिंक नसेल तर मधूनच बंद पडतो आणि डिस्प्ले रिसेट होतो. एक छोटा बक कन्व्हर्टर (फारसं न तापता व्होल्टेज कमी करणारा) लावा, विषय संपला.

मग हीटर जोडा, कमी तापमानाला, आणि ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डरची तार टिपला लावून बघा. ती १८३ डिग्रीला एकदम वितळते, त्यामुळे १७० ला वितळत असेल किंवा २०० ला पण वितळत नसेल तर फरक किती आहे याचा अंदाज येतो. टिप स्वच्छ आणि टिन केलेली (सोल्डरचा पातळ थर दिलेली) हवी. पीआयडीला हात लावायचा तो यानंतर.

एवढं करून अडलात तर जरूर विचारा, पण सोबत हे पाठवा: सेन्सर पिनांचा ओहम, शॉर्ट केल्यावरचा आकडा, १० मिलिव्होल्टला डिस्प्लेवरचा आकडा आणि ऑपअँपच्या आउटपुटचा व्होल्टेज. कोड नंतर मागेन.