पैलवान उभा राहिला, पण एकाच पायावर

मंडळी, माझ्या 'पैलवान' नावाच्या मशीनबद्दलचं 'फ्रीबीएसडी (ऑपरेटिंग सिस्टिम) १३.२ वरून १४ वर गेलो, काही त्रास नाही' हे मागचं वाक्य मी परत घेतो.

अपग्रेड खरंच सुरळीत झालं होतं. घोळ नंतरच्या झेडपूल अपग्रेडने (झेडएफएसच्या डिस्क-पूलवर नवी फीचर्स चालू करणारी कमांड) केला. 'बूट कोड बदलावा लागेल' असं त्याने सरळ छापलं होतं. मी वाचलं आणि चहाला गेलो. रीबूट केल्यावर पडद्यावर 'अनसपोर्टेड फीचर', पुढे व्हीडेव्ह_झॅप्स_व्ही२, म्हणजे जुन्या बूट कोडला न कळणारं नवं फीचर. पैलवान चितपट. जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (सिस्टिमची अपग्रेडआधीची प्रत) जा म्हणाल, तर फीचर फ्लॅग (चालू केलेल्या फीचर्सची नोंद) अख्ख्या पूलचे असतात. आणि बूट मेनूपर्यंत पोचतंय कोण?

हे इन्स्टॉल ११ च्या काळातलं. ईएसपी (फर्मवेअर जिथून बूट सुरू करतं ते छोटं पार्टिशन) फक्त ८०० केबीची, आत बूट१.ईएफआय. तो स्वतः पूल वाचून तिथला लोडर.ईएफआय (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) उचलतो. फ्रीबीएसडी-अपडेट पूलमधला लोडर बदलतं, ईएसपीला शिवत नाही. म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाट बंद. १२ आणि १३ निभावल्या, त्या मी पूल अपग्रेडचा आळस केला म्हणून.

१४ ची मेमस्टिक (मशीन बाहेरून बूट करायची इन्स्टॉल इमेज) लिहायला घेतली, तर राजारामपुरीतून आणलेला स्वस्तातला पेनड्राइव्ह अर्ध्यातच गचकला. शेवटी कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड कामी आलं. नव्या लोडरसाठी पूल इम्पोर्ट करण्यात तासभर घालवल्यावर सुचलं की नवा लोडर मेमस्टिकच्याच बूट डिरेक्टरीत असतो!

ईएसपी माउंट करून ईएफआय/फ्रीबीएसडी मध्ये लोडर टाकला. रीबूट. तोच एरर. माझ्या बोर्डाचं फर्मवेअर बूटएक्स६४.ईएफआय सोडून कशाकडे बघतच नाही, हे कळायला रात्रीचे दोन वाजले. दोन्ही जागी ठेवावा तर लोडर साडेसहाशे केबीच्या घरातला, दोन मावणार कसे? पहिला उडवला, जुन्या बूटएक्स६४ वर नवा लोडर चढवला, आणि लॉगिन प्रॉम्प्ट! नाद खुळा. आईला उठवून सांगणार होतो.

सकाळी लाईट गेली. आली तेव्हा पुन्हा तोच एरर. या वेळी फर्मवेअरने एडीए१, म्हणजे दुसरी डिस्क, उचलली होती. मिरर (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) पूलचा असतो, ईएसपीचा नव्हे. हे मीच इथे दोघांना शिकवलंय.

बूट ऑर्डर बदलून सध्या एडीए० वर चालू आहे. आज एडीए१ वर तोच उपचार. मग दोन्हीकडे स्वॅपमधून २६० एमबी कापून मोठी ईएसपी करायची (स्वॅपचा पार्टिशन नंबर ३ च ठेवायचा, नाहीतर पार्टिशनांची यादी असलेली एफएसटॅब फाइल रडेल). पण लिहिता लिहिता लक्षात आलं, जुनी ईएसपी पुढेच बसलीय, फर्मवेअर आधी तीच धरेल. मग नवीवरून एकदा बूट झालं की जुनी उडवावी लागेल. ते पुढच्या रविवारी. तोवर सीएमपी कमांडने तिन्ही लोडर (दोन ईएसपींवरचे आणि पूलमधला) ताडून बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो, आणि यूपीएसची बॅटरी बदलतो.