मॉलमधला सोपो

जुलैतल्या रविवारी दुपारी गोव्यात करण्यासारखं फारसं काही नसतं. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले, आणि १ जूनला सुरू झालेली ६१ दिवसांची मासेमारीबंदी काही संपत नाही. ताटात ताज्या मासळीऐवजी सुक्या सुंगटांची किसमूर. ती खाऊन आडवं व्हायचं हा आमच्या घराण्याचा नियम. पण हल्ली बायकोला रविवारी दुपारी झोप येत नाही. मग म्हापशाहून निघायचं, पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामातून वाट काढायची आणि मॉल गाठायचा. ती दुकानांत शिरते. मी सरकत्या जिन्यासमोरच्या बाकावर बसतो.

त्या बाकाला मी सोपो म्हणतो. गोव्यातल्या जुन्या घरांना पुढच्या बाजूला बलकांव असतो आणि त्यात बांधून काढलेली बैठक असते, तो सोपो. रस्त्याकडे तोंड करून बसायचं, एवढंच त्याचं काम. माझे आजोबा संध्याकाळी तिथे बसत. कोण बाजारातून आला, पिशवी किती भरली होती, छत्री स्वतःची होती की मागून आणलेली, हे सगळं जेवणाच्या वेळेपर्यंत आजीला कळलेलं असे. म्हापशाच्या बाजारात पालिका विक्रेत्यांकडून बसायच्या जागेचे पैसे घेते, त्यालाही सोपोच म्हणतात. तो करही मी इमानाने भरतो. एक कॉफी घेतो आणि ती दीड तास पुरवतो.

सगळ्यात बघण्यासारखा असतो सरकता जिना. परवा एक आजी आल्या. केसांत अबोलीची फाती, पायांत नव्या चपला, बहुधा मॉलसाठीच घेतलेल्या. नातू पुढे, सून मागे. आजी जिन्याच्या तोंडाशी थांबल्या आणि पायऱ्या एकेक करून जमिनीतून उगवताना बघत राहिल्या. नातू ओरडतोय, "आतां घाल पांय, आतां!" आजी पाय उचलतात, पायरी निघून जाते, पाय परत जागेवर. "म्हाका भंय दिसता रे." मागे रांग लागली. कोणी हसलं नाही, ही मला गोव्याबद्दल वाटणाऱ्या अभिमानाची एक खासगी बाब. शेवटी त्यांनी डोळे मिटले, नमस्कार केला आणि पाय टाकला. नमस्कार कुठल्या देवाला केला ते कळलं नाही, पण पोचल्या. वर गेल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला वाटलं आता परत खाली येऊन पुन्हा चढणार. आणि खरंच आल्या. तीनदा.

पर्यटक लांबूनच ओळखू येतात. फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी आणि बाहेर मुसळधार पाऊस. समुद्र बघायला हजार मैलांवरून यायचं आणि समुद्रात उतरू देत नाहीत म्हणून गारठलेल्या मॉलमध्ये पिझ्झा खायचा, यातलं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मला त्यांची दया येते आणि थोडं बरंही वाटतं. सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी मात्र मजेत असतात. गाडीवर एमएच ०७, तोंडात मालवणी आणि दुकानात शिरण्याआधीच घरी जायची घाई. तरुण मुलांबद्दल काही सांगता येणार नाही. ती फोनमध्ये असतात, आपल्याला नुसती मान दिसते.

बायकांच्या पिशव्या धरून उभे असलेले नवरे हा आमचा पंथ. एकमेकांकडे बघून आम्ही हसत नाही, भुवई किंचित वर करतो.

तर परवा माझ्या सोपोवर एक म्हातारे गृहस्थ येऊन टेकले. इस्त्रीचा शर्ट, हातात गुंडाळलेली छत्री. पाच मिनिटं गप्प, मग पहिला प्रश्न, "खंयचो तूं?" मी म्हापशाचा म्हटलं. म्हापशाचा म्हणजे कुठला वाडा, वडील कुठे कामाला होते, आई कुठली. २०११च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, त्यामुळे चौथ्या प्रश्नाला ओळख निघणारच. निघाली. माझ्या मामाचे लग्नातले कपडे त्यांनी शिवले होते. मामाची कंबर किती होती तेही त्यांनी सांगितलं.

मग जिन्याकडे हनुवटी करून म्हणाले, "ती म्हातारी तीन फावट चडली." मी चमकलो. म्हणजे हेही बघत होते. "आनी तुजी बायल," समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत ते पुढे म्हणाले, "थंय दोन फावट गेली. पयलें निळो ड्रेस हातांत आशिल्लो. मागीर दवरलो."

अर्धा तास मी तिथेच बसून होतो. मला निळा ड्रेस दिसला नव्हता. बायको आत शिरताना एकदाच दिसली होती, आणि तेही मी आजींकडे बघत असताना.

त्यांची लेक ट्रॉली घेऊन आली तसे ते उठले, "देव बरें करूं" म्हणाले आणि छत्री टेकत निघून गेले. थोड्या वेळाने बायको आली, हातात दोन पिशव्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, "तो निळा का नाही घेतलास?"

ती जागच्या जागी थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

मी भुवई किंचित वर केली आणि उरलेली कॉफी संपवली. गार झाली होती.