बीमस्टरमध्ये सायकलवरून

आज दिवसभर नेदरलँड्समधील बीमस्टर या भागात सायकलने निवांत भटकलो. पवनचक्क्यांच्या साहाय्याने तलाव उपसून १६१२ साली ही जमीन मिळवली गेली आणि १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. नाक्यानाक्यावर क्रमांकांच्या पाट्या असल्यामुळे नकाशा क्वचितच उघडावा लागला. सपाट मुलूख म्हणजे सोपा मुलूख, असे मानणाऱ्यांनी मात्र येथील समोरचा वारा एकदा अंगावर घ्यावा. आडोसा नसल्याने सर्वांत हलक्या गिअरवरही पोटऱ्या भरून येतात. या प्रदेशाला वेढणाऱ्या कालव्याचे पाणी शेतांपेक्षा बरेच उंचावर आहे, त्यामुळे बांधाखालून जाताना वर पाहिले की होड्या डोक्यावरून चालल्या आहेत असे वाटते.