जुन्या छताची डागडुजी: वळचण झाली, आता धुराडं

सावलीतल्या उताराची वळचण एकदाची पूर्ण झाली. दर हिवाळ्यात तिथूनच भिंतीत पाणी उतरायचं. खालच्या शिंगल्स (छतावर ओळींनी एकावर एक बसवलेले पातळ तुकडे) उचकटल्या आणि खात्री पटली की दुखणं छताचं कमी, पोटमाळ्याचं जास्त. घरातली ऊब फटींतून वर जाते, छत तापतं, बर्फ वितळतो आणि ते पाणी भिंतीबाहेरच्या गार वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या खाली शिरतं. शिंगल्स उतरत्या पाण्यासाठी असतात, साचलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

म्हणून आधी पोटमाळा हाती घेतला. वायरी आणि पाइप जिथून वर येतात ती भोकं फोमने बुजवली. धुराड्याभोवतीच्या फटीला मात्र पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट, तिथे साधा फोम चालत नाही. छतातून आत आलेल्या खिळ्यांची टोकं बघण्यासारखी होती: प्रत्येकावर गंज आणि खालच्या लाकडावर काळपट वलय. कडाक्याच्या थंडीत या टोकांवर दव गोठतं आणि ऊन पडलं की ठिबकतं. अनेकजण त्यालाच गळती समजून वरच्या शिंगल्स बदलत बसतात.

छताखाली प्लायवूड नाही, जुन्या सुट्या फळ्या आहेत. पेचकस टोचून बघितला, कडेच्या फळ्यांत तो लोण्यात जावा तसा गेला. त्या बदलल्या. फळ्यांमधल्या फटीत गेलेला खिळा काहीच धरत नाही, त्यामुळे फटींच्या जागा आधीच आखून घ्याव्यात.

चिकट मेम्ब्रेन (शिंगल्सखाली चिकटवायचा, पाणी अडवणारा थर) बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून किमान 60 सें.मी. आत जायला हवं. वळचण 45 सें.मी. बाहेर असेल तर भिंतीची जाडी धरता 90 सें.मी.चा एक पट्टा पुरत नाही. दुसरा लावावाच, इथे कंजुषी नको.

वाऱ्यासाठी दर शिंगलला चारऐवजी सहा खिळे, आखलेल्या पट्टीतच आणि डोकं पृष्ठभागाशी सपाट. आत रुतलेलं डोकं शिंगल कापतं. वारा सगळ्यात जास्त ओढतो तो कडा आणि कोपऱ्यांवर. थंडीत शिंगलची चिकटपट्टी आपोआप धरत नाही, म्हणून शिंगलच्या प्रत्येक पाकळीखाली (खालच्या मोकळ्या भागाखाली) रूफिंग सिमेंटचे, म्हणजे छतासाठीच्या डांबरी गोंदाचे, नाण्याएवढे ठिपके हाताने दिले. वेळखाऊ काम आहे, पण मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता धुराडं. कुणीतरी पूर्वी तिथे डांबर थापलंय, ते तडकलंय. ते खरवडून शिंगल्सच्या प्रत्येक ओळीबरोबर पायरीसारखं फ्लॅशिंग (सांध्यातून पाणी आत जाऊ न देणारे वाकवलेले पत्रे) बसवायचं आणि वरचा पत्रा विटांच्या सांध्यात खोचायचा. कोरडी हवा मिळेपर्यंत ताडपत्री टाकली आहे, कडांवर पट्ट्या ठोकून. नुसत्या विटा ठेवल्या तर ती पहिल्याच वादळात उडते.