लाल नळाचे गार पाणी

मस्कतमध्ये मे महिना लागला की आम्ही गीझरचे बटण बंद करत असू आणि मग थेट सप्टेंबर सरेपर्यंत लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्या खुणेच्या नळाला कढत पाणी, असा उलटा कारभार चाले. घरी आलेल्या पाहुण्याला हे सांगायचे राहून गेले, तर न्हाणीघरातून आरोळी ठरलेली. २००५ साली सासूबाई आणि मामंजी गुहागरहून पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याकडून नेमके तेच राहिले. दार किलकिले करून सासूबाईंनी विचारले, "अगो, गच्चीवर चूल पेटवलीय की काय कोणी?"

त्यांचे फारसे चुकले नव्हते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि गच्चीवरची टाकी दिवसभर ते ऊन पीत राहते. गीझर मात्र घराच्या आत, न्हाणीघराच्या छताशी, वातानुकूलनाच्या गारव्यात असतो. त्याच्या पोटात रात्रभर राहिलेले पाणी सकाळपर्यंत अंगाला सोसेल इतके निवते. पाणी तापवायच्या यंत्रात पाणी निववण्याची ही युक्ती मला समोरच्या बिऱ्हाडातल्या केरळी बाईंनी शिकवली, त्यांना आणखी कोणी शिकवली असेल. तिच्यात खोट एकच. नळ सोडला की वरच्या टाकीतले कढत पाणी गीझरात उतरू लागते, त्यामुळे पहिल्याची आंघोळ सुखाची, दुसऱ्याची बरी आणि तिसऱ्याची जवळजवळ शेगडीवरची. साडेसातला ऑफिस गाठायचे म्हणून नवऱ्याने पहिला नंबर कायमचा पटकावला होता. त्यावरून झालेली आमची भांडणे आता आठवली की मला हसू येते; त्याला अजून येत नाही.

२००३ ते २०१४ अशी अकरा वर्षे आम्ही तिथे काढली. परत आल्यावर लोक सोन्याच्या भावाबद्दल आणि गुळगुळीत रस्त्यांबद्दल विचारतात, आणि मी त्यांना पाण्याबद्दल सांगू लागले की त्यांचा रस आटतो. पण जिच्या माहेरी आणि सासरीही विहीर परसात होती, पावसाळ्यात जिला छत्रीपेक्षा इरले बरे वाटे, अशा बाईला त्या कोरड्या देशाने दुसरे काय दाखवावे?

नळाला येणारे ते पाणी मुळात समुद्राचे आहे, हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ कळला तो २००७ च्या जूनमध्ये. सहा तारखेला गोनू चक्रीवादळ येऊन थडकले. वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पावसाची सवय असलेल्या शहरात वाद्या, म्हणजे एरवी कोरडी असणारी ओढ्यांची पात्रे, नद्यांसारख्या फुगल्या, मोटारी वाहून गेल्या, आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे घुब्रा व बरका येथले प्रकल्प बंद पडले. रस्त्यावर जिकडे तिकडे पाणी आणि घरातला नळ कोरडा! हॉलच्या कोपऱ्यात मी सासरहून नेलेली तांब्याची कळशी शोभेसाठी मांडली होती. तिच्यात कागदी फुले असत. ती फुले काढून मी कळशी धुतली, धुतली म्हणजे ओल्या फडक्याने पुसली, आणि निळ्या टँकरसमोरच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे प्लास्टिकचे डबे, बादल्या, एकाच्या हातात तर चक्क बर्फाची पेटी. कळशी भरली तेव्हा ती कमरेवर घेण्याची सवय मोडली असल्याचे ध्यानात आले. खालच्या मजल्यावरच्या ओमानी मुलाने आपल्या शुभ्र दिशदाशाच्या बाह्या सारल्या, न विचारता कळशी उचलली आणि ती तीन जिने वर आणून ठेवली. मी त्याला थांबवून लाडू दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने खजूर पाठवले, आणि पुढची सात वर्षे त्या दोन घरांमधली डब्यांची ये-जा थांबली नाही. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम त्यांच्याकडेही होता.

मामंजींना मात्र मस्कत शहराने काही दिले नाही. त्यांना जे दिले ते मिस्फात अल अब्रियीन या डोंगरातल्या गावाने. तिथे फलज, म्हणजे डोंगरातले पाणी गावात आणणारा पाट, घरांमधून आणि खजुरी-केळींच्या बागांमधून उतरत जातो. ओमानमधल्या अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. हा पाट त्या पाचांत नाही, पण मामंजींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यात काही कमी नव्हते. काठावर बसून ते पाय सोडणार, तोच एका म्हाताऱ्याने हाताने खूण केली: इथे नाही, खाली. वरचे पाणी पिण्याचे, त्याखालचे न्हाण्याधुण्याचे, मग उरेल ते बागांचे. भाषा न कळताही मामंजी चटकन उठले आणि जरा ओशाळले. बागांच्या पाण्याची वाटणी वेळेवर चालते. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला तिथे 'अथर' म्हणतात, आणि पूर्वी ती दिवसा काठीच्या सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून मोजत. हे ऐकल्यावर मामंजी बराच वेळ गप्प होते. पोफळीच्या वाडीला पाट लावण्याच्या पाळीवरून त्यांचे आणि चुलतभावाचे वीस वर्षे बोलणे नव्हते. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "काठीची सावली दोघांनाही दिसते, नाही का?"

ऑगस्टमध्ये एकदा आम्ही सलालाहला गेलो होतो, सुमारे हजार किलोमीटर वाळवंट तुडवून, केवळ भुरभुर पाऊस पाहायला. तिथल्या त्या ऋतूला खरीफ म्हणतात. धुक्यात हिरवे झालेले डोंगर, शहाळ्यांची आणि केळ्यांची दुकाने, आणि मुद्दाम भिजत फोटो काढणारी आखातभरची कुटुंबे. त्यांच्यात आम्हीही भिजत उभे होतो. गुहागरला फोन करून सांगितले, तर तिकडून सासूबाई म्हणाल्या की इथे आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, आणि तुम्ही पैसे खर्चून भिजताय.

आता आम्ही गुहागरलाच असतो. मागच्या वर्षी न्हाणीघर नवे केले, तेव्हा मिस्त्रीने नळांच्या खुणा उलट्या बसवल्या. लाल फिरवला की गार येते. नवरा त्याला बोलावून घेणार होता. मी म्हटले, पाऊस उघडू दे, मग बघू. पाऊस उघडून सात महिने झाले.